तापमान लॉगरचा डेटा एक्सपोर्ट करताना कोणती सेटिंग कशी ठेवावी

प्रश्न: आमचा औषध वितरणाचा व्यवसाय आहे. ऑफिस मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला, गोदाम भिवंडीला. गोदामात २ ते ८ अंशांचा वॉक-इन कूलर आणि दोन फ्रीज आहेत, त्यांत इन्सुलिन आणि लसी असतात. कंपनीच्या ऑडिटरने १ ते १५ जुलैचा तापमानाचा डेटा मागितला. लॉगरच्या, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राच्या, सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली साधी मजकूर फाइल) काढून एक्सेलमध्ये उघडली, तर तारखा वर्षभर विखुरलेल्या, काही नोंदी साडेपाच तास मागे, आणि एका रात्री फ्रीज चक्क ०.० अंशांवर गेलेला. एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये पर्यायांची भलीमोठी यादी आहे. त्यातलं नेमकं काय कसं ठेवायचं?

उत्तर: आधी त्या शून्याचं बघू. तारखा नंतरही नीट करता येतील, पण हिपॅटायटिस बी, डीपीटी, पेंटाव्हॅलंट या लसी आणि इन्सुलिन एकदा गोठले की कामातून जातात. म्हणून निकाल लागेपर्यंत त्या फ्रीजमधला माल बाजूला, पण २ ते ८ अंशांतच ठेवा, ‘होल्ड’ची चिठ्ठी लावा आणि एकही खोका बाहेर जाऊ देऊ नका.

आता त्या रात्रीच्या रीडिंगकडे सलग बघा. ४.१, ४.३, मग एकदम ०.०, ०.०, ०.०, आणि पुन्हा ४.२ असा क्रम असेल, तर फ्रीज शून्यावर गेलेला नाही, रीडिंगच आलेलं नाही. भरलेला फ्रीज पाच मिनिटांत चार अंश खाली जाऊन पुढच्या पाच मिनिटांत परत वर येत नाही. प्रोब, म्हणजे लॉगरचं मोजणारं टोक, ग्लायकॉलच्या (तापमानातले झटपट बदल मंदावणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत असेल तर मुळीच नाही. शिवाय खरा सेन्सर दशांशाच्या घरात थोडा तरी हलतो. सलग तासभर अगदी ०.० दाखवणारा आकडा बहुधा सॉफ्टवेअरने रिकाम्या जागी भरलेला असतो. याउलट ३.८, ३.१, २.२, १.४ असा हळूहळू उतार दिसला तर तो खरा धरायचा आणि कंपनीला कळवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात लसीच्या ३० दिवसांच्या लॉगरला गोठण्याचा अलार्म उणे ०.५ अंश सलग ६० मिनिटं राहिल्यावर येतो. पण तुमच्या मालाचं काय करायचं हे उत्पादक कंपनीच ठरवेल, तुम्ही किंवा मी नाही. खात्रीसाठी गेटवे (लॉगरचा डेटा नेटवर्कवरून पुढे पाठवणारी पेटी) किंवा सर्व्हरवरची नोंद पुरेशी नाही. लॉगर केबलने जोडून त्याच्या स्वतःच्या मेमरीतून ती रात्र पुन्हा वाचून घ्या.

हे शून्य ज्या सेटिंगमुळे आलं तिचं नाव सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतं: मिसिंग व्हॅल्यू, नो डेटा, गॅप हँडलिंग. तिथे साधारण चार पर्याय असतात. रिकामं सोडा, शून्य भरा, आधीचं रीडिंग पुन्हा लिहा, किंवा दोन रीडिंगमधला अंदाज काढा. नेहमी रिकामं सोडा. शून्य वाईट आहेच, पण ते निदान डोळ्यांत खुपतं. आधीचं रीडिंग पुन्हा लिहिण्याचा पर्याय त्याहून घातक. गेटवे सहा तास बंद असला तरी ग्राफवर ४.२ अंशांची सुंदर सरळ रेष येते आणि कोणालाही शंका येत नाही. जे मोजलंच नाही ते मोजल्यासारखं दाखवणारी कोणतीही सेटिंग औषधाच्या नोंदीत मला मान्य नाही.

याच जोडीला स्टेटस किंवा क्वालिटी नावाचा स्तंभ मिळत असेल तर तो जरूर चालू ठेवा. सेन्सर बिघडला तरी आकडा येतच राहतो. डीएस१८बी२० हा स्वस्त डिजिटल सेन्सर वीज आल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधी वाचला तर ८५ अंश सांगतो. तोच सेन्सर उत्तर देईनासा झाला तर त्याची प्रचलित प्रोग्राम-लायब्ररी उणे १२७ देते. पीटी१०० या प्लॅटिनमच्या सेन्सरची तार तुटली की आकडा एकदम वर जातो, शॉर्ट झाली की एकदम खाली. स्टेटसचा स्तंभ नसेल तर हे सगळे आकडे सरासरीत मिसळतात.

आता वेळ. बरीच सॉफ्टवेअर, विशेषतः क्लाउडवरची, आत यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ साठवतात आणि स्क्रीनवर दाखवताना साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ दाखवतात. एक्सपोर्टला मात्र वेगळी सेटिंग असते आणि ती बहुधा यूटीसीवरच राहिलेली असते. तुमच्याकडे काहीच नोंदी मागे आहेत, म्हणजे काही डेटा वेब पोर्टलवरून आणि काही गोदामातल्या पीसीवरून काढून एकत्र जोडला गेला असण्याची शक्यता मोठी आहे. साडेपाच तासांचा फरक नुसता दिसायला विचित्र नाही. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. त्यामुळे ३ जुलैच्या रात्री दोन वाजता दार उघडं राहिलं असेल, तर रोजच्या कमाल-किमान अहवालात ती घटना २ जुलैला जाऊन बसते. मग हजेरीपट, दाराचं रजिस्टर आणि तापमान यांचा मेळ बसत नाही, आणि त्या रात्री ड्यूटीवर नसलेल्या वॉचमन मामांना विनाकारण जाब विचारला जातो.

माझा सल्ला असा की वेळेचे दोन स्तंभ ठेवा. एकात आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहिलेली पूर्ण वेळ, शेवटी +०५:३० सकट. दुसऱ्यात साधी स्थानिक वेळ, २०२५-०७-०३ ०२:१५:०० अशी. पहिला स्तंभ पुराव्यासाठी, कारण त्यात वेळ कुठली हा प्रश्नच उरत नाही. पण एक्सेल त्याला तारीख म्हणून ओळखत नाही, मजकूर समजतं. म्हणून ग्राफ काढायला दुसरा. दोन स्तंभांची सोय नसेल तर स्थानिक वेळ ठेवा आणि फाइलच्या नावातच ‘आयएसटी’ लिहा.

घड्याळ मुळात बरोबर आहे का, हेही बघायला हवं. लॉगरमधलं क्वार्ट्झचं घड्याळ २० पीपीएमने (दहा लाखांत २०) चुकलं तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास मिनिटभर सरकतं. दरवेळी डाउनलोड करताना घड्याळ जुळवण्याचा पर्याय चालू ठेवा. मात्र आधी डेटा उतरवा आणि मग घड्याळ जुळवा. पीसीचं घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना हेच सांगितलेलं आहे, आणि ऑडिटरला उत्तर देताना तो आधार उपयोगी पडतो.

तारखांचं कोडं सोपं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरने दिवस/महिना/वर्ष लिहिलं आणि ज्या पीसीवर फाइल उघडली त्याचं विंडोज अमेरिकी रीजनवर होतं. म्हणून ०१/०७ ही १ जुलै न राहता ७ जानेवारी झाली, ०२/०७ ही ७ फेब्रुवारी, आणि १२/०७ ही ७ डिसेंबर. फक्त ७ जुलै आपल्या जागी राहिली. १३, १४ आणि १५ जुलै एक्सेलला तारीख म्हणून कळल्याच नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्या पेशींत डावीकडे सरकलेला मजकूर दिसेल. तुमच्या शीटमध्ये अगदी हेच चित्र असेल तर निदान पक्कं. हाताने दुरुस्त करत बसू नका. एक्सपोर्टमध्ये वर्ष-महिना-दिवस हा क्रम निवडून फाइल नव्याने काढा. हा क्रम कोणत्याही रीजनच्या विंडोजवर एक्सेल नीट वाचतं.

आणि सीएसव्हीवर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडायची सवय मोडा. उघडून नुसतं सेव्ह केलं तरी फाइल बदलते. एक्सेल सीएसव्ही सेव्ह करताना पेशीत जे दिसतं तेच लिहितं, त्यामुळे वेळेतले सेकंद गळून पडतात. ००४१७ हा लॉगर क्रमांक ४१७ होतो. क्रमांकात आकड्यांच्या मध्ये एकच इंग्रजी ‘ई’ असेल तर एक्सेल त्याला दहाच्या घातातली संख्या समजतं आणि मूळ क्रमांक परत मिळत नाही. डेटा टॅबमधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल आत घ्या, क्रमांकाचा स्तंभ टेक्स्ट ठेवा, आणि काम वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये करा. मूळ सीएसव्ही ज्या फोल्डरमध्ये पडते तिथे ऑफिसातल्या लोकांना फक्त वाचायची परवानगी द्या. याने एक दुसरा त्रासही टळतो. कोणी ती फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवून जेवायला गेलं की फाइल लॉक होते आणि त्या वेळचा आपोआप एक्सपोर्ट गुपचूप फसतो.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८, बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीला ही पद्धत सांगणारी खूण). बीओएम नसेल तर एक्सेलमध्ये अंशाच्या चिन्हाआधी एक परका अक्षर येतो, आणि सेन्सरची नावं मराठीत दिली असतील तर ती वाचताच येत नाहीत. दशांशाला टिंब, स्तंभांमध्ये स्वल्पविराम, आणि हजार-लाखाचे स्वल्पविराम पूर्ण बंद. याहून जास्त विचार इथे लागत नाही.

ज्या सेटिंगवर सर्वांत जास्त लक्ष हवं ती म्हणजे एक्सपोर्ट इंटरव्हल. लॉगर दर पाच मिनिटांनी नोंद करत असला तरी एक्सपोर्टमध्ये ‘तासाची सरासरी’ असा पर्याय असतो, आणि फाइल आटोपशीर होते म्हणून तो निवडला जातो. हिशेब करून बघा. तासाची १२ रीडिंग. माल उतरवताना दार उघडं राहिलं आणि तीन रीडिंग ११ अंशांची आली, बाकी नऊ ५ अंशांची. बेरीज ७८, सरासरी ६.५. पाऊण तास ठीक आणि पाव तास मर्यादेच्या तीन अंश वर, एवढी मोठी गोष्ट त्या ६.५ मध्ये नाहीशी झाली. यात कोणी खोटं बोललेलं नाही, तरी नोंद खोटी झाली. म्हणून एक्सपोर्ट नेहमी मूळ इंटरव्हलचा, कच्च्या रीडिंगचा. सारांश हवा असेल तर वेगळा अहवाल काढा आणि त्यात सरासरीबरोबर कमाल, किमान आणि मर्यादेबाहेर गेलेली एकूण मिनिटं असू द्या.

राउंडिंगचंही असंच. पूर्णांकात एक्सपोर्ट केलं तर ८.४ चा ८ होतो आणि मर्यादेत बसतो. एक दशांश स्थान हवंच. चार-पाच स्थानांची गरज नाही, तेवढी सेन्सरची अचूकताच नसते. कॅलिब्रेशन प्रमाणपत्रातली दुरुस्ती लॉगरमध्ये आधीच भरली असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ती पुन्हा लागू होत नाही ना, एवढं एकदा तपासा. दोनदा लागलेली दुरुस्ती शोधायला फार कठीण जाते, कारण सगळेच आकडे सारखेच सरकलेले असतात.

ऑडिटर मीन कायनेटिक टेंपरेचर, म्हणजे एमकेटी (बदलत्या तापमानाचा औषधावरचा एकूण परिणाम एका आकड्यात सांगणारं तापमान) मागेल. तेही कच्च्या रीडिंगवरूनच काढायचं, आणि त्याच्या सूत्रातल्या सक्रियण ऊर्जेचा आकडा, बहुतेक ठिकाणी ८३.१४४ किलोज्यूल प्रति मोल, अहवालावर छापलेला असू द्या. एमकेटी उष्णतेला जास्त वजन देतं, गोठणं त्याला कळत नाही. फ्रीजच्या बाबतीत एमकेटी चांगलं आलं म्हणून किमान तापमान बघायचं सोडू नका.

फाइलची मांडणी दोन प्रकारची असते. एका ओळीत एक वेळ आणि शेजारी सगळे सेन्सर, ही आडवी. एका ओळीत एकच रीडिंग, ही उभी. माणसाला आडवी वाचायला सोपी जाते, पण तिच्यात एक गोम आहे. कूलरचा लॉगर १०:०० ला आणि फ्रीजचा १०:०२ ला नोंद करत असेल, तर सॉफ्टवेअरला या वेळा जुळवाव्या लागतात. त्यात रिकाम्या पेशी तयार होतात, आणि तुमच्यासारखी सेटिंग असेल तर तिथे शून्य पडतात. मी मूळ नोंदीसाठी उभी मांडणी पसंत करतो. ओळी वाढतात हे खरं. वॉक-इनमध्ये १२ प्रोब आणि दर मिनिटाला नोंद असेल तर दिवसाला १७,२८० ओळी होतात, आणि एक्सेलची १०,४८,५७६ ओळींची मर्यादा साधारण दोन महिन्यांत भरते. त्यापुढच्या ओळी एक्सेल दाखवतच नाही. म्हणून फाइल महिन्याला एक, किंवा रोज एक.

इथून आपोआप एक्सपोर्टकडे येऊ. गोदाम भिवंडीला आणि ऑफिस मुंबईत असल्यावर रोज हाताने डेटा काढणं होणार नाही. शेड्यूल लावावंच लागेल, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त डेटा इथेच हरवतो.

कारण उशिरा येणारा डेटा. वीज किंवा नेटवर्क गेलं तरी लॉगर स्वतःच्या बॅटरीवर नोंद करत राहतो. गेटवे मात्र बंद असतो. वीज आली की लॉगर साठवलेली रीडिंग मागाहून पाठवतो. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबई आणि आसपासची वीज गेली होती. तसा प्रसंग जाऊ द्या, पावसाळ्यात मोबाइल सिमवर चालणारा गेटवे रात्रभर गप्प राहणं तर नेहमीचंच. आता तुमचं शेड्यूल ‘मागच्या एक्सपोर्टनंतरचा डेटा’ असं असेल, तर बघा काय होतं. मध्यरात्रीचा एक्सपोर्ट झाला तेव्हा संध्याकाळी सात ते बाराची रीडिंग पोहोचलीच नव्हती. ती पहाटे पोहोचली. पुढचा एक्सपोर्ट मध्यरात्रीनंतरचीच रीडिंग घेतो. सात ते बाराचा डेटा सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये आहे, ग्राफवर दिसतो, पण तुमच्या कोणत्याही फाइलमध्ये नाही. आणि वर्षभराने सॉफ्टवेअर बदललं की कायमचा गेला.

यावर उपाय म्हणजे ओव्हरलॅप. रोजच्या एक्सपोर्टमध्ये फक्त कालचा दिवस न घेता मागचे तीन दिवस घ्या. त्याच त्या ओळी पुन्हा येतील, येऊ द्या. लॉगर क्रमांक आणि वेळ ही जोडी एकच असेल तर ती ओळ एकदाच मोजायची, हे काम एक्सेलच्या पॉवर क्वेरीत (डेटा आत घेऊन साफ करण्याच्या साधनात) सहज होतं. शिवाय महिना संपल्यावर पाच-सहा दिवसांनी पूर्ण महिन्याची एक फाइल वेगळी काढा आणि तीच कायमची नोंद माना. पाच मिनिटांच्या इंटरव्हलला दिवसाला २८८ रीडिंग, ३१ दिवसांना ८,९२८. फाइलमधल्या ओळी मोजल्या की काही राहिलं का ते कळतं.

लॉगरची मेमरी किती, हेही विचारा. १६,००० रीडिंगची मेमरी पाच मिनिटांच्या इंटरव्हलला ५५ दिवस पुरते. त्यानंतर काही लॉगर जुनं पुसून नवं लिहितात, काही नोंदच थांबवतात. दोन्हींत नुकसान आहे, फक्त वेगवेगळ्या टोकाचं.

शेड्यूल न चालण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. गणपतीच्या सुट्टीआधी कोणीतरी पीसी बंद करून जातं. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये चुकलेलं काम पीसी सुरू झाल्यावर लगेच करण्याचा पर्याय आहे, तो टिक करा आणि स्लीप बंद करा. फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर टाकायची असेल तर झेड ड्राइव्हसारखा मॅप केलेला पत्ता देऊ नका. तो ड्राइव्ह लॉगिन केलेल्या माणसाला दिसतो, पार्श्वभूमीत चालणाऱ्या सर्व्हिसला दिसत नाही. दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या आणि सर्व्हिसच्या खात्याला तिथे लिहायची परवानगी द्या. फाइलच्या नावात वेळ टाकायची असेल तर तास आणि मिनिटांमध्ये विसर्गासारखी दोन टिंबं चालत नाहीत, विंडोज ती नाकारतं. तिथे आडवी रेघ वापरा. नावाची सुरुवात वर्षाने करा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. जुन्या फाइलवर नवी लिहिण्याचा पर्याय बंद.

फाइल सॉफ्टवेअरशिवाय वाचणाऱ्याला पुरेशी असायला हवी. लॉगरचा क्रमांक, जागा (‘फ्रीज २, मधला कप्पा’ इतकी नेमकी), एकक, वेळेचा पट्टा, इंटरव्हल, मर्यादा, कॅलिब्रेशनची तारीख, एक्सपोर्ट कोणी आणि कधी केला, हे सगळं त्यात असावं. हेडरमध्ये हे लिहिण्याचा पर्याय असतो. हेडरच्या ओळींची संख्या मात्र ठरलेली ठेवा, नाहीतर पॉवर क्वेरी दर महिन्याला अडखळेल.

आता ऑडिटर. सीएसव्ही कोणालाही बदलता येते, म्हणून एकटी सीएसव्ही पुरावा म्हणून दुबळी आहे. अमेरिकेचा इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलचा २१ सीएफआर भाग ११ हा १९९७ चा नियम असो किंवा औषध उत्पादकांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित झालेलं आपल्याकडचं शेड्यूल एम, कंपनीचे ऑडिटर नोंद कोणी केली, कधी केली आणि बदलली का, हे विचारणारच. त्यांना सॉफ्टवेअरची मूळ फाइल, तिचाच पीडीएफ आणि सीएसव्ही अशा तिन्ही द्या. विंडोजच्या सर्टयुटिल आज्ञेने प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढून रजिस्टरला लिहून ठेवा, म्हणजे फाइल नंतर बदलली नाही हे दाखवता येतं. जुलैचा डेटा आधीच पाठवला असेल तर तो मागे घेऊ नका. नव्याने काढलेल्या फाइलीसोबत एक पानी पत्र द्या: आधीच्या फाइलमध्ये तारखा, वेळ आणि रिकाम्या नोंदी का चुकल्या, कोणती सेटिंग बदलली, कोणत्या दिवशी आणि कोणी. चांगला ऑडिटर अशा पत्रावर नाराज होत नाही.

सेटिंग बदलून झाल्यावर एक चाचणी घ्या. माल नसलेल्या वेळी एका लॉगरचा प्रोब कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि वेळ कागदावर लिहा. मग गेटवेची केबल दोन तास काढून ठेवा, त्यातच शेड्यूलचा एक एक्सपोर्ट होऊ द्या, आणि केबल परत लावा. दुसऱ्या दिवशीच्या फाइलमध्ये तीन गोष्टी बघा. कोमट पाण्याची चढण कागदावरच्या वेळेलाच आहे का, तिचा सर्वोच्च आकडा सॉफ्टवेअरच्या ग्राफवरच्या आकड्याइतकाच आहे का, आणि केबल काढलेल्या दोन तासांची रीडिंग मागाहून आली का. तिसरी गोष्ट जमली नसेल तर ओव्हरलॅप लागू झालेला नाही किंवा गेटवे साठवलेला डेटा परत मागवत नाही. विक्रेत्याच्या माणसाला नेमकं हेच सांगा, म्हणजे तो थेट त्या सेटिंगवर जाईल.